जुन्या आणि दुर्मिळ वस्तू प्रादेशिक लिलावात विकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडची वस्तू लिलावात घेतील का? ती खरंच जुनी आहे की नाही, हेच मला ठाऊक नाही.

ते ठाऊक नसलं तरी अडत नाही, ते शोधून काढणं लिलावगृहाचं काम आहे. फक्त एक गैरसमज आधी दूर केलेला बरा : जुनं म्हणजे महाग नव्हे. दोनशे वर्षांचं शिसवी कपाट सहसा कुणालाच नको असतं, कारण ते आजच्या घरांत मावत नाही. उलट पन्नास वर्षांपूर्वीचं पत्र्याचं खेळणं मूळ खोक्यासकट असेल, तर त्यावर चढाओढ लागते. किंमत ठरते ती मागणी, दुर्मिळता, अवस्था आणि वस्तू कुणाकुणाच्या हातून आली यांवरून. वय त्यानंतर येतं.

चित्रं, शिल्पं, नाणी, टपाल तिकिटं, घड्याळं, चांदीची भांडी, दागिने, चिनी माती, जुने नकाशे, हस्तलिखितं, पहिल्या आवृत्तीची पुस्तकं, छायाचित्रं, पोस्टर्स, कॅमेरे हे सगळं प्रादेशिक लिलावगृहं घेतात. दर्शनी खोलीत मांडण्यासाठी घाऊक छापलेल्या चित्रप्रती आणि 'मर्यादित आवृत्ती' असा शिक्का मारून हजारोंनी काढलेल्या शोभेच्या थाळ्या मात्र सहसा नम्रपणे परत येतात.

मूल्यांकनाला पैसे पडतात का? नुसत्या फोटोवर चालतं का?

लिलावासाठी प्राथमिक अंदाज बहुतेक ठिकाणी फुकट मिळतो. विमा, वाटणी किंवा करासाठी लेखी मूल्यांकन हवं असेल तर त्याचं शुल्क वेगळं असतं आणि आकडाही वेगळा येतो. विम्याचा आकडा म्हणजे तशीच वस्तू दुकानातून पुन्हा घ्यायला लागणारी रक्कम. लिलावाचा अंदाज त्याच्या पुष्कळ खाली असतो. जुन्या विमापत्रावरचा आकडा मनात धरून आलेला माणूस हमखास नाराज होऊन जातो.

फोटोंवरून सुरुवात होते. समोरून, मागून, तळातून, सहीचा, शिक्क्याचा आणि प्रत्येक चिरेचा, टवक्याचा फोटो पाठवा. लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये लिहा. दोष लपवलेला फोटो पाठवून काहीच साधत नाही, कारण वस्तू हातात आल्यावर पाच मिनिटांत तो दिसतो आणि मग बाकीच्या माहितीवरही कुणाचा विश्वास उरत नाही.

द्यायच्या आधी साफसूफ, पॉलिश, डागडुजी करून घेऊ का?

नको. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तो बहुतेक वेळा साफसफाई उरकल्यावर विचारला जातो.

काशाच्या किंवा पितळेच्या जुन्या मूर्तीचं उदाहरण घ्या. वर्षानुवर्षांच्या हाताळण्याने आणि हवेने तिच्यावर एक गडद थर चढलेला असतो. चकचकीत करायची पेस्ट लावून ती घासली की नाक, गुडघे, बोटं असे वर आलेले भाग पिवळेधमक होतात आणि खाचा काळ्याच राहतात. त्या खाचांमध्ये पेस्टची पांढरी पूड अडकून बसते. जाणकाराला ती पाहायला भिंगसुद्धा लागत नाही. तो थर पुन्हा येत नाही, आणला तर नकली दिसतो, आणि वस्तू जुनी असल्याचा एक पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने पुसलेला असतो.

नाण्यांचं तर विचारूच नका. नाण्यांची प्रत ठरवण्यासाठी १ ते ७० अशी शेल्डन मोजपट्टी वापरतात. घासून साफ केलेल्या नाण्याला नामवंत प्रतवारी संस्था आकडाच देत नाहीत, 'साफ केलेलं' एवढा शेरा मारून मोकळ्या होतात. लिंबू, चिंच, खोडरबर, टूथपेस्ट यांतलं काहीही नाण्याला लावू नका.

बाकीच्यांचं थोडक्यात : चांदी घासघासून तिच्यावरचे शिक्के झिजतात आणि शिक्के गेले की ती वजनाच्या भावात जाते. लाकडी सामानाचं मूळ पॉलिश खरवडलं की किंमतही खरवडली जाते. घड्याळाची तबकडी नव्याने रंगवून घेऊ नका. पाकिटावरचं तिकीट सोडवू नका, कारण पाकिटावरच्या शिक्क्यामुळे कधी कधी तिकिटापेक्षा पाकीटच महाग असतं. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तैलचित्रावर ओलं फडकं फिरवू नका.

मऊ, कोरड्या ब्रशने वरची धूळ झटकली, एवढं पुरे. चित्राला खरोखर दुरुस्तीची गरज असेल तर ती करावी की नाही, कोणी करावी आणि खर्च कोणाचा, हे लिलावगृहाशी बोलून ठरवा. संग्राहकांना हात न लागलेली वस्तू आवडते, तिची दुरुस्ती त्यांना आपल्या माणसाकडून करून घ्यायची असते.

घरी येऊन लगेच रोख पैसे देणारे व्यापारी असतात. मग लिलावाची यातायात कशाला?

व्यापाऱ्याला विकण्यात वाईट काही नाही. पैसे लगेच मिळतात, कटकट नसते. पण तिथे वस्तू ओळखणारा आणि विकत घेणारा माणूस एकच असतो.

फ्रान्समधल्या एका वृद्ध दांपत्याने २०२१ मध्ये घरातला एक आफ्रिकी मुखवटा व्यापाऱ्याला १५० युरोंना दिला. तो गॅबॉनमधल्या फांग समाजाचा, अत्यंत दुर्मिळ प्रकारचा मुखवटा निघाला. मार्च २०२२ मध्ये माँपेलिए इथल्या लिलावात त्याच्यावर ४२ लाख युरोंची बोली लागली. दांपत्य न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये अलेस इथल्या न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला, कारण आपल्याजवळ काय आहे याची नीट चौकशी त्यांनी विकण्याआधी केली नव्हती, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. हे माझ्या मते कठोर झालं, पण विक्रेत्याने चौकशी आधी करायची असते हे त्यातून कळतं. निदान दोन ठिकाणी दाखवल्याशिवाय काही विकू नका.

मोठ्या नामवंत लिलावगृहाकडे जावं की प्रादेशिक लिलावगृहाकडे?

वस्तू पाहून ठरवावं. मोठी गृहं ठरावीक किमतीच्या खालचा माल घेतच नाहीत आणि घेतला तरी तो त्यांच्या कॅटलॉगमध्ये कुठेतरी तळाशी पडतो. मधल्या किमतीच्या वस्तूला, घरभरच्या एकत्र संग्रहाला आणि ज्या प्रदेशात ती वस्तू घडली त्या प्रदेशातल्या संग्राहकांना गाठायला प्रादेशिक गृह अनेकदा उजवं ठरतं. ऑनलाइन बोलीमुळे आता लहान गावातल्या लिलावालाही जगभरातून खरेदीदार मिळतात.

इटालियन चित्रकार चिमाबुए याचं एक लहानसं चित्र फ्रान्समधल्या एका घराच्या स्वयंपाकघरात टांगलेलं होतं. २०१९ मध्ये सांलीस या गावच्या लिलावात ते २.४ कोटी युरोंच्या पुढे गेलं. फाँतेनब्लोमध्ये ऑक्टोबर २०२२ मध्ये एक चिनी फुलदाणी २,००० युरोंच्या अंदाजावर ठेवली होती. तज्ज्ञाच्या मते ती विसाव्या शतकातली होती. बोली लावणाऱ्यांना ती अठराव्या शतकातली वाटली आणि शुल्कासकट ती ९१ लाख युरोंच्या वर गेली. अंदाज चुकला तरी विकणाऱ्या बाईंचं नुकसान झालं नाही, कारण वस्तू योग्य लोकांच्या नजरेला पडली होती.

उलटही घडतं. 'साल्वातोर मुंडी' हे चित्र २००५ मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एका प्रादेशिक लिलावात नक्कल म्हणून सुमारे १,१७५ डॉलरना गेलं. पुढे त्याची साफसफाई, संशोधन झालं, ते लिओनार्दो दा विंचीचं ठरवण्यात आलं आणि २०१७ मध्ये क्रिस्टीज या बड्या लिलावगृहाने ते ४५ कोटी डॉलरना विकलं. ते खरंच पूर्णपणे लिओनार्दोच्या हातचं आहे का, यावर अभ्यासक आजही भांडतात. पण २००५ च्या विक्रेत्याला त्या भांडणाचा काय उपयोग?

म्हणून लिलावगृह निवडताना नाव किती मोठं आहे याच्या आधी हे विचारा : या प्रकारच्या वस्तू तुम्ही मागच्या दोन-तीन वर्षांत किती विकल्या, कितीला विकल्या, आणि कॅटलॉगमधली नोंद कोण लिहिणार? झालेल्या लिलावांचे निकाल बहुतेकांच्या संकेतस्थळावर असतात, ते स्वतः चाळा. तुमच्या प्रकारच्या वस्तू तिथे एरवी खोकंभर भांड्यांच्या शेजारी विकल्या जात असतील, तर दुसरं दार ठोठवा.

त्यांनी सांगितलेला अंदाज फारच कमी वाटतो. फसवत तर नाहीत ना?

बहुधा नाही. अंदाज दोन आकड्यांत देतात, खालचा आणि वरचा, आणि तो मुद्दाम थोडा खाली ठेवतात. खालचा आकडा पाहून चार माणसं नोंदणी करतात, चौघं आले की चुरस होते. सुरुवातीलाच आकडा वर ठेवला की एकटाच माणूस येतो आणि तोही गप्प बसतो. खरं म्हणजे जास्त अंदाज सांगणाऱ्यापासूनच जपून राहावं. काही जण माल मिळवण्यासाठी डोळे दिपवणारा आकडा सांगतात आणि लिलाव आठवड्यावर आला की 'बाजार पडलाय, जरा खाली आणू या' म्हणून फोन करतात.

राखीव किंमत, म्हणजे रिझर्व्ह, लावावी का?

भारी वस्तूला जरूर लावा. या आकड्याच्या खाली वस्तू विकायची नाही असा तुमचा आणि लिलावगृहाचा तो गुप्त करार असतो. सर्वसाधारण रीत अशी की रिझर्व्ह खालच्या अंदाजाइतकी किंवा त्याहून कमी असते. 'लिलावदाराच्या मर्जीने' असे शब्द करारात असतील तर तो साधारण १० टक्के खाली जाऊनही हातोडा मारू, म्हणजे विक्री पक्की करू शकतो. ते मान्य नसेल तर तसं लेखी घ्या.

हलक्या वस्तूंना रिझर्व्हचा हट्ट धरू नका. न विकलेली वस्तू परत नेण्याचा खर्चच तिच्या किमतीहून जास्त होतो.

शेवटी माझ्या हातात किती पडतं?

हातोडा पडतो त्या बोलीला हॅमर प्राइस म्हणतात. वर्तमानपत्रात छापून येणारा आकडा बहुतेक वेळा खरेदीदाराच्या प्रीमियमसकट, म्हणजे बोलीवर त्याने लिलावगृहाला भरायच्या शुल्कासकट असतो, म्हणून तो पाहून हिशेब करू नये.

उदाहरणापुरतं धरू या की हातोडा १०० वर पडला आणि चलन कुठलंही आहे. खरेदीदार त्यावर समजा २५ टक्के प्रीमियम भरतो, म्हणजे त्याच्या खिशातून १२५ जातात. ते २५ लिलावगृहाचे. तुमच्याकडून समजा १५ टक्के कमिशन कापलं, दीड टक्का विम्याचा, दोन फोटो आणि कॅटलॉगचे, वर या शुल्कांवरचा कर. तुमच्या हाती ८० च्या आसपास येतात. एकाने १२५ दिले आणि दुसऱ्याला ८० मिळाले. मधली तफावत पाहून पहिल्यांदा विकणारा माणूस दचकतो, पण ती दोन्ही बाजूंची शुल्कं मिळून होते.

खरेदीदाराकडून प्रीमियम घेण्याची आजची रीत लंडनमध्ये १९७५ साली सदबीज आणि क्रिस्टीज यांनी १० टक्क्यांवर सुरू केली. तेव्हा व्यापाऱ्यांनी बरीच आरडाओरड केली होती. आता ती जगभर रुळली आहे आणि टक्केही पुष्कळ वाढलेत.

करारावर सही करण्याआधी एवढं विचाराच : कमिशन किती, किमान कमिशन आहे का, विमा किती टक्के आणि तो कशावर, फोटोचे पैसे, ने-आण कोणाकडे, न विकल्यास शुल्क आहे का. शेवटचा प्रश्न लोक हमखास विसरतात. चित्रकार हयात असेल किंवा त्याच्या मृत्यूला ७० वर्षं झाली नसतील, तर युरोपीय संघातल्या देशांत पुनर्विक्रीचा हक्क म्हणून कलाकाराला किंवा त्याच्या वारसांना ठरावीक हिस्सा द्यावा लागतो. तो ४ टक्क्यांपासून सुरू होऊन मोठ्या रकमांवर कमी होत जातो आणि १२,५०० युरोंच्या वर जात नाही. तो तुमच्याकडून कापणार का, हेही विचारून ठेवा.

कमिशनवर घासाघीस करता येते का?

येते, आणि करावी. वस्तू जितकी भारी किंवा संग्रह जितका मोठा, तितकी तुमची बाजू वरचढ. सदबीज आणि क्रिस्टीज या जगातल्या दोन सर्वांत मोठ्या लिलावगृहांनी १९९० च्या दशकात विक्रेत्यांच्या कमिशनचे दर संगनमताने पक्के केले होते, म्हणजे घासाघिशीला वावच ठेवला नव्हता. २००० साली ते बिंग फुटलं, ग्राहकांना ५१.२ कोटी डॉलरची भरपाई द्यावी लागली आणि सदबीजचे अध्यक्ष राहिलेले आल्फ्रेड टॉबमन तुरुंगात गेले. तेव्हा 'आमचे दर ठरलेले आहेत' हे पहिलं वाक्य ऐकून लगेच मान डोलावू नका.

वस्तूची काहीच कागदपत्रं नाहीत. किंमत पडेल का?

कागद असले तर किंमत चढते, नसले तर वस्तू बाद होत नाही. पण 'काही नाही' म्हणणाऱ्यांकडे पुष्कळदा बरंच काही असतं. जुनी पावती, विम्याची यादी, ज्या फोटोत भिंतीवर ते चित्र दिसतं तो घरातला फोटो, पत्रातली एखादी ओळ, हे सगळं चालतं.

चित्र असेल तर ते उलटं करा. पुढची बाजू नक्कल करणाऱ्याने कितीही हुबेहूब केलेली असो, मागची बाजू सहसा खरं सांगते. कॅनव्हास तांबूस तपकिरी झालाय का, चौकटीच्या लाकडावरचा रंग आतबाहेर सारखा आहे की कडांना वेगळा, खिळे गंजलेत की नवे कोरे, हे पाहतात. प्रदर्शनाची चिठ्ठी, फ्रेमवाल्याचा पत्ता, खडूने घातलेला आकडा, स्टेन्सिलने छापलेला एखादा साठा-क्रमांक असेल, तर त्यावरून पूर्वीच्या लिलावाची नोंदसुद्धा सापडू शकते. म्हणून मागचा मळका कागद फाडून टाकू नका आणि जुनी चौकट 'बरी दिसत नाही' म्हणून बदलू नका.

ऐकीव गोष्टी सांगा, पण ऐकीव म्हणूनच सांगा. 'आजोबांना राजाने दिली' हे खरं असेलही, पुराव्यावाचून ते छापता येत नाही.

कॅटलॉगमध्ये चित्रकाराच्या नावाआधी 'शैलीतील', 'वर्तुळातील' असं का लिहिलंय?

कारण त्या शब्दांना ठरलेला अर्थ असतो. नुसतं नाव म्हणजे गृहाच्या मते ते त्याच्याच हातचं. 'संबंधित मानलेलं' म्हणजे बहुधा त्याचं. 'कार्यशाळेतील' म्हणजे त्याच्या देखरेखीखाली झालेलं असावं. 'वर्तुळातील' म्हणजे त्याच्या काळातल्या, त्याच्या प्रभावाखालच्या कुणाचं. 'शैलीतील' म्हणजे नंतरच्या काळातल्या कुणी तसं काढलेलं. 'वरून' म्हणजे नक्कल. एका पायरीने किंमत दहापट खाली येऊ शकते, म्हणून ही नोंद छापण्याआधी वाचायला मागा.

हस्तिदंत, प्राचीन मूर्ती, परदेशातून आणलेल्या वस्तू विकता येतात का?

इथे जपून. हस्तिदंत, कासवाची पाठ, गेंड्याचं शिंग, काही जातींचं लाकूड यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या धोक्यातले प्राणी-वनस्पती वाचवणाऱ्या कराराची बंधनं आहेत. तो १९७५ पासून अमलात आहे. देशांचे स्वतःचे कायदे त्याहून कडक असू शकतात. ब्रिटनमध्ये जून २०२२ पासून हस्तिदंताच्या विक्रीवर जवळजवळ पूर्ण बंदी आहे. १९४७ पूर्वीची आणि १० टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेली वस्तू अशा मोजक्या सवलती आहेत आणि त्यांनाही नोंदणी लागते.

प्राचीन वस्तूंबाबत सांस्कृतिक वस्तूंची बेकायदा ने-आण रोखणारा युनेस्कोचा १९७० चा करार हा बाजारातला महत्त्वाचा टप्पा मानतात. त्याआधीच ती वस्तू मूळ देशाबाहेर होती, किंवा रीतसर परवान्याने बाहेर गेली, हे दाखवता आलं नाही तर चांगली लिलावगृहं हात लावत नाहीत. भारताच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू, आणि हस्तलिखितांच्या बाबतीत ७५ वर्षांहून जुनी, खासगी व्यक्तीला देशाबाहेर विकता येत नाही. देशातल्या देशात विकता येते, पण काही प्रकारांना नोंदणी आणि व्यापाऱ्याला परवाना लागतो. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा काही चित्रकारांची कामंही देशाबाहेर नेता येत नाहीत.

लिलावगृह चोरीच्या वस्तूंच्या नोंदीही तपासतं. इंटरपोलची यादी तुम्हालाही पाहता येते.

स्वतःच्या वस्तूवर मी किंवा माझ्या मित्राने बोली लावली तर?

लावू नका. ती फसवणूक आहे. रिझर्व्हपर्यंत विक्रेत्याच्या वतीने बोली पुढे सरकवण्याची मुभा अनेक ठिकाणी लिलावदाराला असते, ती त्याच्यापुरतीच.

लिलावाच्या दिवशी हजर राहिलंच पाहिजे का?

नाही. त्या दिवशी तुमच्या हातात काहीच नसतं. बरेच विक्रेते घरी बसून स्क्रीनवर पाहतात आणि आपल्या लॉटवर, म्हणजे क्रमांकाने पुकारलेल्या आपल्या वस्तूवर, पहिली काही सेकंद कुणीच बोलत नाही तेव्हा त्यांचा जीव टांगणीला लागतो. लॉट संपायला एखाद-दोन मिनिटंच लागतात.

विकली गेली नाही तर?

लगेच पुन्हा ठेवू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि इथे मूठ सगळ्यांसमोर उघडलेली असते : निकाल ऑनलाइन राहतो आणि पुढचा खरेदीदार तो पाहूनच येतो. लिलाव झाल्यावर दोन-चार दिवसांत कुणी रिझर्व्हच्या जवळपासची रक्कम देऊ करतं का, ते विचारा, असे सौदे पुष्कळ होतात. नाहीतर वर्ष-दोन वर्षं थांबा, किंवा कमी अंदाजाने दुसऱ्या गृहाकडे द्या.

सही केल्यावर विचार बदलला तर वस्तू परत घेता येते?

घेता येते, पण शुल्क भरून. अनेक करारांत ते खालच्या अंदाजावरच्या दोन्ही बाजूंच्या कमिशनाइतकं असतं. कॅटलॉग छापल्यावर तर परत घेऊच नये, वस्तूचं आणि तुमचं दोघांचंही नाव खराब होतं.

वस्तू वारशाने आली आहे आणि आम्ही भावंडं चौघं आहोत.

चौघांची लेखी संमती आधी घ्या. भावंडांतली एक नाराज व्यक्ती लिलावाच्या आदल्या दिवशी फोन करून लॉट थांबवू शकते आणि थांबवतेही. नफ्यावर कर लागतो का, हे तुमच्या करसल्लागाराला विकण्याआधी विचारा.

पैसे कधी मिळतात? खरेदीदाराने दिलेच नाहीत तर?

साधारण लिलावानंतर ३० ते ४५ दिवसांनी, खरेदीदाराने पैसे भरल्यावर. तो बुडाला तर लिलावगृह तुम्हाला आपल्या खिशातून देत नाही, हे बहुतेक करारांत लिहिलेलं असतं. २०१० मध्ये लंडनच्या उपनगरातल्या एका छोट्या लिलावगृहात चिनी फुलदाणीवर ४.३ कोटी पौंडांचा हातोडा पडला. टाळ्या वाजल्या, बातम्या झाल्या, आणि खरेदीदाराने पैसेच दिले नाहीत. अखेर २०१३ मध्ये ती खासगी सौद्यात पुष्कळ कमी रकमेला गेली. तेव्हापासून मोठ्या लॉटसाठी बोली लावण्याआधीच अनामत रक्कम घेणं बऱ्याच गृहांनी सुरू केलं. तुमची वस्तू त्या वर्गातली असेल तर अनामत घेणार का, ते विचारा. पैसे येईपर्यंत वस्तू खरेदीदाराच्या ताब्यात देणार नाही, हेही करारात असू द्या.

विकून झाल्यावर वस्तू खोटी निघाली तर?

नक्कल असल्याचं ठरावीक मुदतीत सिद्ध झालं तर सौदा रद्द होऊ शकतो आणि तुम्हाला मिळालेले पैसे परत मागण्याचा हक्क लिलावगृहाने करारात राखलेला असतो. काही ठिकाणी ही मुदत पाच वर्षांची असते. ते कलम शोधून वाचा आणि वस्तूबद्दल तुम्ही काय सांगितलं होतं, त्याची प्रत तोवर जपून ठेवा.